सुनावणीला अण्णा आले

१६ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. 'सगळं' म्हणजे मी आणि अण्णा, आणि 'ठीक' हा शब्द पत्राच्या पहिल्या ओळीत असावा लागतो म्हणून. तुझी लेक धरून धरून उभी राहायला लागली हे तुझ्या नवऱ्याने पाठवलेल्या फोटोवरून कळलं. कान आईवर गेलेत, जरा पुढे आलेले. वाईट वाटून घेऊ नकोस, केस वाढले की झाकतात.

फोन का केला नाहीस असं विचारशील. फोन वाजला की माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. आपण केला तर तो तिकडे वाजतो, एवढाच फरक. पत्रात मधेच थांबता येतं. फोनवर थांबलं की समोरचं माणूस 'हॅलो, हॅलो' करायला लागतं.

बातमी अशी की माझ्या भत्त्याच्या अपिलाची सुनावणी सोमवारी झाली आणि मी तिथे गेले होते. स्वतः. हे वाक्य मी लिहून परत वाचलं. बरोबर आहे.

तुला मधलं फारसं सांगितलेलं नाही, तेव्हा थोडक्यात सांगते. औषधाच्या दुकानातली माझी नोकरी सुटली हे तुला माहीत आहे. का सुटली ते आपण 'तब्येत' या एका शब्दात उरकलं होतं. माझ्या हातून कधी काही चूक झाली नव्हती. लोकांना हे पटत नाही. काहीतरी घडलं असणार, त्याशिवाय चांगलं चाललेलं माणूस असं कशाला होईल, असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटायचं. मी शोधलंसुद्धा. काही घडलेलं नव्हतं. एका संध्याकाळी एका म्हाताऱ्या गृहस्थांना रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि ते दाराबाहेर पडले तशी माझी खात्री पटली की पाकिटात दुसऱ्याच गोळ्या गेल्या. बसच्या थांब्यापर्यंत धावत गेले आणि त्यांना पिशवी उघडायला लावली. गोळ्या बरोबर होत्या. दुसऱ्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक. मग रोजच कोणीतरी. शेवटी एका बाईंच्या घरी जाऊन बेल दाबली, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने मला चोर समजून साखळी लावून घेतली. मी साखळीच्या फटीतून त्यांना गोळ्यांचा रंग विचारत होते. आमचा मालक भला माणूस. म्हणाला, "थोडे दिवस घरी राहा." मी राहिले. त्या थोड्या दिवसांची चार वर्षं झाली.

आजारामुळे काम करता येत नाही त्यांना सरकार भत्ता देतं. त्यासाठी अर्ज केला तेव्हा तपासायला एक बाई घरी आल्या होत्या. त्यांनी अहवालात लिहिलं की अर्जदाराचे केस विंचरलेले होते, ती नजरेला नजर देऊन बोलली आणि तिने चहा विचारला. सबब अर्ज नामंजूर. अण्णा ते वाचून म्हणाले, "फणी लपवून ठेवायला हवी होती." हा त्यांचा विनोद. पण मनातून त्यांना त्या बाईंचं पटलं असावं असं मी धरून चालले होते. अण्णांचं तुला माहीतच आहे. सगळी नोकरी शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकण्यात गेलेला माणूस. त्यांच्या लेखी जगात आजार दोनच: हाड मोडणं आणि आळस. माझं हाड मोडलेलं नव्हतं.

अपिलाला हजर राहावं लागतं. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. गेले तर धडधाकट, न गेले तर गैरहजर. मी अण्णांना म्हटलं, सोडून देऊ. ते म्हणाले, "आधी जाऊन तर बघू." मग त्यांनी ते प्रकरण संचलनाच्या तालमीसारखं अंगावर घेतलं. रविवारी रस्ते रिकामे असतात म्हणून रविवारी निघायचं. पहिल्या रविवारी मी आपल्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापासून परत फिरले. दुसऱ्या रविवारी पुलापर्यंत. मग एकदा त्या कचेरीच्या बंद फाटकापर्यंत पोचलो आणि फाटकाला हात लावून आलो. मी प्रत्येक वेळी वाट बघत होते की आता हे ओरडतील. ओरडले नाहीत. नुसतं म्हणायचे, "पुढच्या वेळी इथून पुढे." शिट्टी आणली नाही एवढं नशीब.

सोमवारी आम्ही फार लवकर पोचलो. बसायची खोली लांबट, खुर्च्या एकाच लोखंडी पट्टीला ठोकलेल्या. त्यामुळे माझा पाय हलायला लागला की सगळी रांग हलायची. टोकाला एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते, त्यांचं पान थरथरत होतं. ते दर थोड्या वेळाने वाकून बघायचे की हे कोण करतंय. मी पण त्यांच्यासारखंच वाकून दुसऱ्या बाजूला बघितलं.

मग मी स्वच्छतागृहात गेले आणि बाहेर आले नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही. ओठ बधिर झाले होते आणि हाताची बोटं एकमेकांत अडकल्यासारखी आखडली होती. अशा वेळी एकच वाटतं, की आता आपण मरणार आणि लोकांची गैरसोय होणार. बाहेरून अण्णांचा आवाज आला. बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी उभे राहून, पाठ वळवून, हळू आवाजात: "श्वास घे... थांब... सोड." पुन्हा "घे... थांब... सोड." आत एक अनोळखी बाई हात धूत होत्या. त्यांनीही घेतला. मला आरशात दिसलं.

आमचं नाव पुकारलं तेव्हा मी बाहेर होते.

आत एक मोठं टेबल, पाण्याचा तांब्या, कागदी रुमालांचा डबा आणि न उघडणारी खिडकी. पलीकडे तिघं. मधे अध्यक्षबाई, पांढरा बॉबकट, बारीक पेन. डावीकडे डॉक्टर. उजवीकडे चाकाच्या खुर्चीत एक साहेब, ते बराच वेळ बोललेच नाहीत. मी विचारलं, दार उघडं ठेवलं तर चालेल का. अध्यक्षबाई म्हणाल्या, "चालेल की." पण दार आपोआप लागणारं होतं. शिपायाने त्याला आधी कागदाची घडी लावली, ती सरकली. मग तो स्वतःच पाठ टेकून उभा राहिला, शेवटपर्यंत. अण्णांना माझ्या मागे भिंतीलगत बसवलं.

आणि मग मी काय केलं असेल असं तुला वाटतं? मी सगळ्याला 'जमतं' म्हटलं.

"घरातलं काम तुम्हीच करता?"

"हो. जमतं."

"बाजार?"

"जमतं."

"एकट्या?"

"हो... म्हणजे, बहुतेक."

"शेवटी एकट्या कधी गेला होतात?" हे डॉक्टरांनी विचारलं.

मी विचार करत राहिले. खरंच आठवायचा प्रयत्न करत होते, गं. कोणी पाहुणे गेल्या उन्हाळ्याबद्दल विचारतात तसं. म्हटलं, "नक्की आठवत नाही. पण जमेल."

"आणि आज इथे कशा आलात?"

"चालत."

"म्हणजे तसा प्रवास होतो."

"होतो."

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटतं त्यांना माझी दया येत होती आणि लिहायला मात्र काही मिळत नव्हतं. हे मी लबाडी म्हणून केलं नाही आणि मोठेपणा म्हणूनही नाही. चार वर्षं लोकांनी विचारलं, मी 'जमतं' म्हटलं, लोक विचारायचे थांबले. तोंडाला वळण पडलंय. शिवाय मागे अण्णा बसलेले. बापासमोर 'मला दूध आणायला जमत नाही' असं म्हणायला जीभ रेटेना.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आणखी काही सांगायचं आहे?" मी म्हटलं, "नाही, एवढंच."

तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा उभे राहिले होते.

आता थांबते. हात दुखतोय. उरलेलं उद्या.


१७ ऑक्टोबर

काल हात दुखत नव्हता.

आज सकाळपासून मी ओटा घासला, पडदे काढून पुन्हा लावले आणि तुझ्या लेकीसाठी विणायला घेतलेल्या टोपीचे टाके उसवले, कारण कान लक्षात घेतले नव्हते. आता करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून लिहिते.

अण्णांनी हात वर केला होता. वर्गात मुलं करतात तसा. म्हणाले, "मी बोललं तर चालेल का?"

"आपण कोण?"

"हिचा बाप. व्यायामशिक्षक, निवृत्त."

"बोला. बसून बोला."

ते बसले नाहीत. हात मागे बांधून, पाय जुळवून उभे राहिले. म्हणाले, "बाई, ही सांगते त्यातलं एकही अक्षर खरं नाही. खोटं बोलते असंही नाही. आमच्या घरात तक्रार करायची पद्धत नाही, ती पद्धत मी पाडली. मीच हिला पहिलं वर्षभर ढोंगी म्हणत होतो. हिच्या तोंडावर."

हे खरं आहे, ठमे. म्हणत होते.

डॉक्टरांनी विचारलं, "मग मत बदललं कशामुळे?"

"मी दूध आणायला जातो तेव्हा ही दाराच्या आत उभी राहते. मी परत येईपर्यंत. आधी मला माहीत नव्हतं. एक दिवस मी किल्ली लावायच्या आधीच दार उघडलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम जिन्यात थांबून राहिलो. आतून हिचा श्वास ऐकू येत होता, साहेब. मैदानाला फेऱ्या मारून आलेल्या पोराचा असतो तसा. आणि ही नुसती उभी होती."

अण्णा पुढे म्हणाले, "तेव्हापासून मी सकाळचं फिरणं सोडलं. गच्चीवर चालतो. हिच्या खोलीच्या बरोबर वर. जरा पाय आपटून चालतो, म्हणजे हिला खाली ऐकू येतं की मी आहे."

मला वाटायचं रस्त्यावर गाड्या वाढल्या म्हणून ते गच्चीवर चालतात. त्यांनी तसंच सांगितलं होतं. उलट मी एकदा त्यांना म्हटलं होतं, "अण्णा, जरा हळू चाला, छताचे पोपडे पडतात." ते "बरं" म्हणाले आणि तसेच चालत राहिले. आता वय झालं, ऐकू येत नसेल, असं मी धरलं. हा माणूस इतकं सफाईदार खोटं बोलू शकतो हे मला कधी कळलं नाही.

मग चाकाच्या खुर्चीतल्या साहेबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "तुम्ही हिला जास्तीत जास्त किती वेळ एकटं सोडू शकता?"

अण्णांनी मागे बांधलेले हात सोडले. मग म्हणाले, "धाकटीला मुलगी झाली. ती लांब असते. माझं तिकीट काढलं होतं. ते परत केलं."

"हिच्यामुळे?"

"हिला कळू द्यायचं नव्हतं. आत्ता कळतंय. धाकटीला सांगितलं, गुडघे दुखतात, एवढा वेळ विमानात बसवणार नाही."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "गुडघ्यांचा त्रास आहे का तुम्हाला?" चांगल्या मनाने विचारलं असेल, किंवा नोंद करायची म्हणून.

"माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही," अण्णा म्हणाले. आणि त्यांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि बैठका मारायला लागले.

तू हस. मी लिहितानाही थोडी हसले. पण त्या खोलीत हसता येत नव्हतं. हात समोर ताठ, पाठ सरळ, टाचा जमिनीला टेकलेल्या. मोठ्याने आकडे मोजत होते. आवाज मैदानावरचाच. दाराला टेकलेल्या शिपायाचं तोंड उघडं राहिलं. डॉक्टर टेबलाकडे बघत होते. अध्यक्षबाई "पुरे, पुरे, बसा आता" म्हणत होत्या आणि अण्णा थांबत नव्हते. त्यांच्या टकलावर घाम आला होता. मला वाटतं ते आकडे त्या तिघांसाठी नव्हते. तुझ्यासाठी होते. तू त्यांना फोनवर म्हणाली होतीस, "परक्यांच्या पोरांना उन्हात पळवायला गुडघे होते, नातीला बघायला नाहीत." मी शेजारीच बसले होते, फोनमधून आवाज बाहेर येत होता. त्यांनी फक्त "वय झालं गं" म्हणून फोन ठेवला आणि गच्चीवर गेले. त्यानंतर तुझे फोटो जावईबापूंकडून येतात.

मी मागे वळून म्हटलं, "अण्णा, थांबा." ते थांबले. मग मी पुढे तोंड केलं आणि म्हटलं, "मला जमत नाही."

एकदा सुरू झालं की सोपं असतं असं लोक सांगतात. तसं काही नसतं. एकेक वाक्य दगडासारखं उचलावं लागलं. दूध आणायला जमत नाही. बेल वाजली की दार उघडायला जमत नाही. इथे येताना पुलावर मी बसले होते, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. गॅस बंद केला की नाही हे अण्णांना विचारते, ते 'केला' म्हणतात, मी पुन्हा विचारते, ते पुन्हा जाऊन बघून येतात. वडील गेले तर माझं काय होईल याचा विचार मी करत नाही, कारण तो सुरू झाला की मला श्वास येत नाही. आत्ता येत नाहीये.

खरंच येत नव्हता. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. टेबलाचा पाय आठवतो, म्हणजे मी खाली बसले असणार. डॉक्टर माझ्याजवळ खाली बसले होते, सुटाबुटात, फरशीवर. अण्णांनी मला हात लावला नाही, लावायचा नसतो हे त्यांना आता माहीत आहे. ते तीन हातांच्या अंतरावर उकिडवे बसून म्हणत होते, "घे... थांब... सोड."

आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. खुर्च्यांच्या त्याच रांगेत. वर्तमानपत्रवाले गृहस्थ गेले होते, त्यामुळे आता मी हलले तरी अण्णाच हलत होते. मग आत बोलावलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, अपील मंजूर. पूर्ण दराने. आणि मदतनीस ठेवण्यासाठी वेगळी रक्कम. कागद टपालाने येतील. मी "आभारी आहे" म्हटलं. आनंद झाला का, असं विचारशील तर नाही. आपल्याला काय येत नाही हे तिघांनी ठरवून सांगितलं, त्यावर शिक्का बसणार. त्याचा आनंद कसा होणार? पण अंगातून काहीतरी उतरलं हे खरं. दिवसभर उचलून धरलेली पिशवी कुठेतरी टेकवल्यासारखं.

परत येताना पुलावर मी या वेळी बसले नाही, कठड्याला धरून चालले. अण्णा एवढंच बोलले, "त्या मधल्या बाई शिस्तीच्या होत्या." घराजवळ आल्यावर म्हणाले, "धाकटीला यातलं काही लिहू नकोस. तिकडे उगाच जिवाला लावून घेईल."

मी "बरं" म्हटलं. खोटं बोलणं आपल्या घरात एकट्या अण्णांनाच येतं असं नाही.

आता मुद्द्याचं. पण त्याआधी एक ऐक: त्यांना फोन करून रडू नकोस, आणि माफी तर अजिबात मागू नकोस. त्यांना कुठे बघावं कळणार नाही, गच्चीवर जाऊन बसतील. नुसतं सांग की मुलगी उभी राहायला लागली आहे, तिला चालायला शिकवायला माणूस हवं आहे. शिकवायचं काम आहे म्हटलं की ते नाही म्हणणार नाहीत. तिकिटाचं त्यांना विचारू नकोस, सरळ काढ आणि कळव.

मदतनीस बाई बुधवारी येऊन गेल्या. ठेंगण्या आहेत आणि फार बोलतात. मी पहिल्यांदा दाराआडूनच बोलले. त्यांना काही वाटलं नाही, बाहेर जिन्यातच बसून त्यांनी त्यांच्या सुनेची तक्रार अर्धा तास सांगितली. मग मला दार उघडावंच लागलं, कारण सुनेची बाजू मला पटत होती. त्या सकाळी येतील आणि संध्याकाळी येतील. अण्णा नसतील तेव्हा रात्रीही राहायला तयार आहेत. अण्णांना हे सांगितलेलं नाही. तुझं तिकीट आलं की सांगेन.

मी सगळं नीट निभावून नेईन असं लिहीत नाही. तू आता तशा वाक्यावर विश्वास ठेवणार नाहीस, ठेवूही नये. अण्णांचं विमान उडेल तेव्हा मी बहुतेक न्हाणीघरात दार लावून फरशीवर बसलेली असेन आणि बाहेर त्या ठेंगण्या बाई सुनेबद्दल बोलत असतील. बसू दे मला. कितीही वेळ लागला तरी संध्याकाळपर्यंत मी तिथून उठलेली असेन.

तू मात्र त्यांना घ्यायला वेळेवर जा. मुलीला बरोबर ने, आणि ते दारातून बाहेर आले की कडेवरून खाली उतरव.

अण्णांना तुझ्याकडे धाडणारी,
तुझी ताई